रोबोटिक वेल्डिंग सेलची पाठवणीपूर्व स्वीकृती चाचणी : माझा अनुभव

पुरवठादाराच्या कारखान्यात वेल्डिंग सेलची, म्हणजे रोबोने वेल्डिंग करणाऱ्या संपूर्ण यंत्रणेची, चाचणी घेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा यंत्र चालते की नाही यापेक्षा ते आमच्या सुट्या भागांवर चालते की नाही, हे पाहायचे मी आधीच ठरवले होते. पुरवठादाराने निवडून ठेवलेल्या नमुन्यांवर प्रत्येक सांधा सुबक येतो, यात नवल नाही. म्हणून मी आमच्या रोजच्या उत्पादनातले भाग नेले आणि त्यांत फटीचे माप मर्यादेच्या टोकाला पोहोचलेले काही मुद्दाम घातले.

वरून पाहता त्यांचेही वेल्ड निर्दोष दिसत होते. तुकडे कापून, घासून, त्यांवर नायटल (धातूची आतली रचना उघड करणारे आम्लाचे द्रावण) लावल्यावर मात्र एका फिलेट (दोन भाग कोनात जोडणाऱ्या) सांध्यात मुळाशी बारीक काळी रेघ उमटली. म्हणजे तिथे धातू वितळून एकजीव झालाच नव्हता. करारात आयएसओ ५८१७ या वेल्डमधील दोषांच्या मर्यादा ठरवणाऱ्या मानकाची ‘बी’ ही सर्वांत कडक पातळी नमूद असल्यामुळे वादाला जागा उरली नाही. भाग फिक्स्चरमध्ये (भाग पकडून ठेवणाऱ्या चौकटीत) किंचित सरकत होता आणि रोबो मात्र शिकवलेल्या जागीच जात होता. टच सेन्सिंग (वेल्डआधी रोबोने स्पर्श करून सांध्याची नेमकी जागा शोधणे) सर्वत्र लावले असते तर सायकल टाइम (एका भागाला लागणारा वेळ) हाताबाहेर गेला असता, त्यामुळे फिक्स्चरची लोकेटिंग पिन (भागाची जागा पक्की करणारी खुंटी) बदलून फक्त त्याच सांध्यापुरते सेन्सिंग ठेवण्यावर आमचे एकमत झाले.

सुरक्षेच्या बहुतेक चाचण्या सुरळीत पार पडल्या : लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा सुरक्षा पडदा) तोडताच रोबो थांबला आणि इमर्जन्सी स्टॉप रीसेट केल्यावर तो आपोआप सुरू झाला नाही. वेल्डला हवेपासून वाचवणाऱ्या गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून सायकल सुरू केली तेव्हा मात्र आर्क पेटला आणि वेल्डवर छिद्रांची रांग उठली. फ्लो सेन्सर बसवलेला होता, पण त्याचा सिग्नल प्रोग्राममधील इंटरलॉकला (अट पूर्ण नसेल तर यंत्र सुरू होऊ न देणाऱ्या व्यवस्थेला) जोडलेलाच नव्हता. (अशा गोष्टी कागदावरच्या चेकलिस्टमध्ये ‘सेन्सर : आहे’ एवढ्यावर सुटतात.)

सर्व त्रुटी पंच लिस्टमध्ये (दुरुस्त करायच्या बाबींच्या यादीत) लिहून, दुरुस्तीनंतर नव्याने कापलेल्या तुकड्यांचे फोटो आणि प्रोग्रामचा बॅकअप हाती आल्यावरच मी पाठवणीला लेखी संमती दिली. वाहतुकीच्या धक्क्यांनी टॉर्चच्या टोकाचे स्थान बिघडू शकते, त्यामुळे हीच वेल्ड चाचणी यंत्र आमच्याकडे बसवल्यानंतर पुन्हा घेण्याची अटही त्याच कागदावर नोंदवून घेतली.