वाटीतला खर्ज

पोळ्या लाटताना गाणं ऐकायचं असलं की मी मोबाइल स्टीलच्या वाटीत उभा करते. आवाज दुप्पट होतो, असा आपला माझा समज. त्या दिवशी 'ॲज वी स्पीक' हा अल्बम लावला होता. झाकीरभाईंचा तबला, राकेश चौरसियांची बासरी, बेला फ्लेकचा बँजो, सगळं खणखणीत. चौथे एडगर मेयर. त्यांचा डबल बेस मात्र पार बेपत्ता.

दुपारी लेकाचे हेडफोन लावले, तर बुवा पहिल्यापासून हजर होते! त्या धिप्पाड वाद्याची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झवर बोलते. मोबाइलच्या टिचभर स्पीकरला तो खर्ज झेपतच नाही. वाटी बिचारी काय करणार?

मग नादच लागला. मेयर वाढले टेनेसीतल्या ओक रिजला. वडील शाळेतल्या मुलांना तंतुवाद्यं शिकवायचे. मेयरांची बेसची शिकवणी पाचव्या वर्षीच सुरू झाली. तो सगळा मुलूख फिडलचा. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण अंगणात नाचायला उतरलेलं.

आता गंमत बघा. व्हायोलिनवर पहिलं बोट 'सा'वर ठेवलं, तर पंजा न हलवता करंगळी 'म'वर पडते. बेसची तार मीटरभर लांब. खालच्या पट्टीत करंगळी जेमतेम 'रे' गाठते. म्हणजे फिडलची भरधाव धून यावर काढायची तर हाताला वरखाली नुसती पळापळ. मेयर ती अशी काढतात की पळापळ कुठे ऐकूच येत नाही. गज बाजूला ठेवून बोटांनी तार छेडली की तोच माणूस जॅझवाला. आणि हिलरी हान या व्हायोलिनवादिकेसाठी अख्खा कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची मोठी रचना, लिहिणाराही तोच.

'फ्यूजन' म्हटलं की मला श्रीखंडात फरसाण घातल्यासारखं वाटतं. इथे तसं झालं नाही. 2006 साली नॅशव्हिलच्या नव्या सिंफनी सभागृहाच्या उद्घाटनासाठी मेयर, फ्लेक आणि झाकीरभाईंनी मिळून बँजो, बेस आणि तबल्यासाठी कॉन्चेर्तो रचला, तेव्हापासूनची या तिघांची संगत. मुरलेलं लोणचं आहे ते.

काल सासूबाईंच्या कानाला हेडफोन लावून दिले. बराच वेळ डोळे मिटून बसल्या.

"हा खालून हुंकार देतोय तो कोण गं?"

"अमेरिकेतले आहेत, आई. मेयर म्हणून."

"बरा सांभाळतोय सगळ्यांना," म्हणाल्या, आणि हेडफोन काही परत दिले नाहीत.

वाटी पुन्हा आमटीच्या कामाला लागली आहे.