कोजागिरीची हजेरी

आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात आडनावं चालत नाहीत. येझ्दीवाले नाना, मॅटाडोरवाले काका, पद्मिनीवाल्या वहिनी, अशीच माणसं ओळखायची. (येझ्दी ही मोटरसायकल, मॅटाडोर व्हॅन, पद्मिनी मोटार.) माझ्या चेतक स्कूटरला साइडकार आहे, म्हणून मी साइडकारवाला. नवख्याला हे सगळं विचित्र वाटतं, त्यातून 'डुक्करवाले आले का?' असा पुकारा झाला की फारच. डुक्कर म्हणजे बजाज टेम्पोची जुनी तीनचाकी हॅन्सीट. तोंड पुढे आलेलं, म्हणून तिला ते नाव पडलं. आपण लहान मालगाडीला सरसकट टेम्पो म्हणतो, ते मूळचं हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव, हे डुक्करवाले दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी कुणीतरी 'हो का?' म्हणतं.

जुन्या, चमत्कारिक गाड्या घेऊन लांब जायचं आणि तंबू ठोकून राहायचं, एवढाच आमचा उद्योग. वर्षभर छोट्या फेऱ्या होतात, पण खरा मेळावा कोजागिरीचा, भंडारदऱ्याला. पुण्याहून पावणेदोनशे किलोमीटर. नवीन गाडीला चार-पाच तास पुरतात, आम्हाला अख्खा दिवस लागतो. दसऱ्याला गाड्यांची पूजा झालेली असते आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी आम्ही निघतो, त्यामुळे हँडलवरच्या झेंडूच्या माळा सुकून तपकिरी झालेल्या असतात. घाटात पुढच्या गाडीच्या पाकळ्या मागच्याच्या तोंडावर येतात. टू-स्ट्रोकचा निळा धूर आणि शिळा झेंडू, हा वास नाकात गेला की माझी कोजागिरी सुरू झाली.

वाटेत नारायणगावला मिसळ, आळेफाट्याला चहा, आणि चंदनापुरीच्या घाटात कुणाचा तरी प्लग काळा पडणं, हे ठरलेलं. मागच्या खेपेला माझाच पडला. पॉलिश पेपरनं घासून, फुंकर मारून, सुरू व्हावी म्हणून स्कूटर आडवी करायला गेलो तेव्हा आठवलं की साइडकार लावल्यापासून ती आडवी होतच नाही. नाना खो खो हसत होते. त्यांच्या येझ्दीला किक आणि गियर एकाच दांड्यावर. किक मारायची, दांडा पुढे वळवायचा, की तोच गियर. मधे एका नव्या पोरानं 'काका, तुमची किक कुणी चोरली?' असं विचारलं होतं, त्याची परतफेड नाना असे मिळेल त्याच्यावर करतात.

तिथीचा वाद मात्र मला लिहिलाच पाहिजे. कोजागिरी तिथीलाच करायची की जवळच्या शनिवारी ढकलायची? मी तिथीवाला. चंद्र काही आपली रजा मंजूर व्हायची वाट बघत नाही. २०२२ ला रविवार आला, तेव्हा सगळे खूश. २०२३ ला तर शनिवार, २८ ऑक्टोबर. आता तरी कुणाला सबब नाही असं मला वाटलं, तर त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण! वेध लागले म्हणून निम्म्यांनी परस्पर फोनवर कळवलं. आम्ही अकरा जण पोचलो. दुधाचं काय करायचं, यावर वहिनींनी निकाल दिला की ज्याला चालतं त्यानं प्यावं, बाकीच्यांना ग्रहण सुटल्यावर चहा. रात्री एकनंतर चंद्राची एक कड कुणीतरी अलगद कुरतडल्यासारखी झाली. ते अकरा कोण होते ते मला पाठ आहे. जे नव्हते तेही पाठ आहेत. २०२४ ला बुधवार होता, २०२५ ला सोमवार, आणि तरी दोन्ही वेळा त्या ग्रहणापेक्षा जास्त माणसं आली, यावरून काय ते समजावं.

संध्याकाळचा औपचारिक भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तो तसाच असतो. दिवा, नारळ, हिशेबाचं वाचन, त्यावर एकच शंका (दरवर्षी डिझेलवर), आणि अध्यक्षांचं भाषण. त्यात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची 'मीरा' येतेच. त्यांनी स्वतः खपून बनवलेली ती छोटी मोटार कारखान्यापर्यंत पोचली नाही, हे सांगताना अध्यक्षांचा आवाज चढतो. समोरच्या १९२६ च्या विल्सन धरणाहून जुनी गाडी आपल्याकडे एकही नाही, हा विनोदही तेच करतात. आम्ही हसतो.

मी वाट बघत असतो ती अण्णांच्या भाषणाची.

अण्णांकडे स्वतःची गाडी नाही. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ते मंडळात कुणाच्या ओळखीनं आले हे आता कुणालाच आठवत नाही, पण पहिल्या वर्षापासून ते माझ्या साइडकारमध्ये बसतात. पन्नास-साठ उतारू घेऊन घाट उतरवलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन माझ्या डाव्या हाताला बसलेला असतो. उतार लागला की त्यांचा उजवा पाय साइडकारच्या पत्र्यावर ब्रेक दाबतो. त्या जागचा रंग उडून खाली पत्रा दिसायला लागलाय. दोनदा साइडकार रंगवली, पण तेवढी टाचेएवढी जागा मी रंगवू दिली नाही.

त्यांच्या भाषणाची सुरुवात ठरलेली. १ जून १९४८, पुणे ते नगर, पहिली एसटी. मग थेट मुक्कामी गाडी. आपण ज्याला कॅम्पिंग म्हणतो ते आपण पगार घेऊन केलं, असं ते म्हणतात. रात्री साडेआठला गाडी गावात पोचायची. शेवटचा उतारू उतरला की कंडक्टर चिल्लर मोजायला बसायचा. गाडी मारुतीच्या देवळापुढे लावायची, तोंड उताराकडे, कारण थंडीत स्टार्टरचा भरवसा नसे. पहाटे नुसता ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की गियरमध्ये क्लच सोडायचा, इंजिन लागलं. कुणाच्या तरी घरून भाकरी-कोरड्यास यायचं. झोप बाकावर, उन्हाळ्यात टपावर. आणि पाचच्या सुमारास काचेवर टकटक. दवाखान्याला निघालेली म्हातारी, दुधाच्या किटल्या, परीक्षेची पोरं.

एवढंच भाषण. त्यात वाघ नाही, दरोडेखोर नाही, घाटात फेल झालेला ब्रेक नाही. बाकीच्यांच्या गोष्टींमध्ये हे सगळं असतं आणि दरवर्षी वाघ थोडा मोठा होतो. अण्णा मात्र टकटक सांगताना बोटाच्या पेरानं दुधाच्या पातेल्यावर दोनदा वाजवतात आणि थांबतात. दरवर्षी तिथे माझा घसा दाटतो. वहिनींना ते माहीत आहे. त्या नेमक्या तेव्हा माझ्या हातात पेला देतात, म्हणजे खाली बघायला निमित्त होतं.

गेल्या वर्षी अण्णा मधेच अडले. 'मारुतीच्या देवळापुढे...' एवढं म्हणाले आणि पुढचं येईना. चष्मा काढला, पुन्हा घातला. सगळी राहुटी एका सुरात ओरडली, 'तोंड उताराकडे!' अगदी लहान पोरंसुद्धा. अण्णा हसले आणि म्हणाले, थांबा, मग पहिल्यापासूनच घेतो. पुन्हा १ जून १९४८. कुणीही घड्याळ बघितलं नाही, अध्यक्षांनीही नाही. (आमच्या सगळ्या गाड्या तळावर तोंड उताराकडेच करून लावलेल्या असतात, आणि ज्याची उलटी असेल त्याला रात्री उठवून वळवायला लावतात.)

हजेरी बरोबर बाराला घेतात. को जागर्ति, कोण जागं आहे, असं लक्ष्मी विचारत फिरते म्हणतात. आमच्याकडे चिटणीस वही घेऊन फिरतात. जागा असेल त्यानं स्वतः 'हजर' म्हणायचं, बायकोनं किंवा शेजाऱ्यानं म्हटलेलं चालत नाही. मला राग आहे तो एसी गाडीतून येऊन, दूध पिऊन जवळच्या शेंडी गावातल्या हॉटेलात झोपायला जाणाऱ्यांचा. त्यांतले दोघे बाराला चादर पांघरून हजेरीपुरते परत येतात. वहीत त्यांची नावं आहेत. माझं मत वहीबाहेर आहे.

आता आभार. कुणी राहिलं तर राग मानू नका, पण मी कागदावर लिहून घेतलंय. पहिली राहुटी भाड्यानं देणारे नारायणगावचे तमाशाच्या फडाचे मालक, ज्यांनी पुढे ती आम्हाला देऊनच टाकली. राजूरचे पेढेवाले, जे तीस लिटर दूध आधीच्या रात्री बाजूला काढून ठेवतात. मॅटाडोरवाले काका, कारण त्यांच्या गाडीत दोन बाकं, ओटा आणि जुन्या साडीचे पडदे आहेत आणि सगळ्या म्हाताऱ्यांची झोप तिथे होते, ते स्वतः बाहेर झोपतात. केशर-वेलची घरून कुटून आणणाऱ्या पद्मिनीवाल्या वहिनी, आणि पद्मिनीचा हँडलजवळचा गियर अडकला की बॉनेट उघडून तो नुसत्या हातानं सोडवणारी त्यांची लेक. लाकडं आणून देणारे शेंडीचे दोघे भाऊ. वेल्डिंगवाले मामा, माझ्या साइडकारचा तुटलेला कान त्यांनी रात्री अकराला जोडला आणि पैसे घेतले नाहीत. सकाळी सगळा कचरा दोन पोत्यांत भरून परत नेणारे डुक्करवाले. चिटणीस, अर्थात. राजूरपासून पुढे आम्हाला बॅटरी दाखवत नेणारा दूधवाला पोरगा.

कागद संपला, पण वाटेतल्या अकोले गावचे पंक्चरवाले राहिले. २०२४ ला रात्री साडेनऊला दुकान उघडून त्यांनी मला ट्यूब बदलून दिली आणि पुढे लागेल म्हणून स्वतःचा जॅकही दिला. तो जॅक अजून माझ्या साइडकारमध्ये आहे. २०२५ ला नेला होता, पण आम्ही पोचलो तेव्हा दुकान बंद होतं, आणि येताना अण्णांना घाई होती.