तुम्ही विचारलंत म्हणून: घरात मांजर असताना गोधडी कशी शिवायची?

"घरात मांजर आहे, मग बाळासाठी गोधडी शिवायला घ्यायची कशी? केस नाही का लागत?" बाळंतविड्याची तयारी सुरू झाली की हा प्रश्न हमखास येतो. केसांचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देते. खरी काळजी केसांची नाही, दोऱ्याची आहे. मांजर शेजारी बसलं तर काही बिघडत नाही. दोरा मात्र त्याच्या तोंडाशी जाता कामा नये, आणि आठवडाभराच्या कामाची सगळी मांडणी त्यावरच करायची.

मांजराच्या जिभेवर बारीक काटे असतात आणि ते घशाकडे वळलेले असतात. त्यामुळे दोरा एकदा जिभेवर चढला की मांजराला तो थुंकता येत नाही, आतच ओढला जातो. सुई ओवलेली असेल तर दोऱ्यामागून तीही जाते. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा पोटात अडकलं आणि दुसरं आतड्यात पुढे सरकलं, की नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडतात तसं आतडं गोळा होतं आणि ताणलेला दोरा त्याला कापत जातो. म्हणून तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नका. मीठ-पाणी पाजून ओकारी काढायलाही जाऊ नका. थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या आणि दोरा गेल्याचा संशय आहे हे आपण होऊन सांगा. एक्स-रेमध्ये सुई दिसते, सुती दोरा दिसत नाही. ओकाऱ्या, लाळ गळणं, पंजाने तोंड खाजवत राहणं, खाणं सोडून कोपऱ्यात लपणं, यातलं काहीही शिवणकामाच्या आठवड्यात दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता काम. सवडीने एका आठवड्यात हाताने होईल असं माप म्हणजे ९० बाय १०५ सेंटिमीटर. जुनी सुती सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. तिचे दोन्ही काठ आधी कापून वेगळे ठेवा, कारण काठाची वीण घट्ट असते आणि गोधडीच्या पाच पदरांतून, म्हणजे थरांतून, सुई निघत नाही. उरलेल्या कापडाचे ९० सेंटिमीटरचे सहा तुकडे होतात. त्यातले पाच गोधडीला घ्या: वर एक, खाली एक, आत तीन. सहावा, सगळ्यात विरलेला, बाजूला ठेवा. सिंथेटिक साडी नको. तिच्यावर टाका घसरतो, बाळाला घाम येतो आणि नायलॉन-पॉलिस्टर केसांना चुंबकासारखं ओढतं.

पहिला दिवस धुण्याचा. फॉल उसवून साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यातून काढा. खळ राहिली तर कापड कडक राहतं आणि सुई करकरते. ओल्या साडीवर पांढरं फडकं घासून बघा. रंग लागला तर ती साडी बाळाच्या गोधडीला घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी पदर लावायचे. फरशीवर सपाट कापड पसरलं की मांजर त्याच्या मध्यावर येऊन बसणार, हे धरूनच चाला. त्या तासाभरापुरतं त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. केसांचा बंदोबस्तही इथेच होतो. भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून प्रत्येक पदरावरून एकाच दिशेने फिरवा, केसांची वळकटी होऊन कडेला येते. ती उचला, मगच वरचा पदर घाला. आत राहिलेला केस नंतर काढता येत नाही. पदर मध्यापासून कडेकडे हाताने सारखे करा आणि दहा-दहा सेंटिमीटरवर कच्चे टाके घाला. टाचण्या वापरू नका. पाच पदरांत एखादी हरवते आणि ती पंजाला किंवा बाळाला सापडते.

तिसऱ्या दिवसापासून धावदोरा. दोन ओळींत २ सेंटिमीटर अंतर धरलं तर एकूण शिवण सुमारे ४७ मीटर होते. सरावलेला हात तासाला चारेक मीटर शिवतो, म्हणजे बाराएक तासांचं काम, रोज तीन तासांप्रमाणे चार दिवस. जाड सुती दोरा ७० मीटर लागेल. एका वेळी हातभर, म्हणजे ४५ ते ५० सेंटिमीटर दोरा ओवा. लांब दोरा गुंततो आणि प्रत्येक ओढीला हवेत फिरणारं त्याचं टोक हेच मांजराला खेळाचं आमंत्रण असतं. पुष्कळ जणी आधीच दहा सुया ओवून ठेवतात. मांजर असलेल्या घरात ते करू नका. ओवलेली सुई एकच, आणि ती हातात. मोठ्या नेढ्याची सुई घेतलीत की वारंवार ओवण्याचा कंटाळा येत नाही.

बऱ्याच घरांत गोधडी कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे नेतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदीही, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडून आत येते आणि फार देखणी होते. पण त्या पद्धतीत मधला भाग शेवटपर्यंत सैल राहतो, मांजर नेमकं तिथेच पंजे मळतं, पदर सरकतात आणि मध्ये झोळ येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मधली ओळ पहिली घाला, मग दोन्ही बाजूंना सरळ ओळी. टाका ६ ते ८ मिलिमीटरचा ठेवा. सेंटिमीटरच्या वर गेला की त्यात नखं अडकतात. नखाने टाका ओढला गेलाच तर कापू नका. सुईच्या टोकाने ती ढील पुढच्या पाच-सहा टाक्यांत वाटून द्या.

बसायची वेळ दुपारची ठेवा. मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला चपळ असतात. शिवायला बसण्याआधी दहा मिनिटं खेळवा, मग खाऊ घाला. अंग चाटून ते झोपतं. त्याची जागा ज्या हातात सुई धरता त्याच्या विरुद्ध बाजूला करा. उजव्या हाताने शिवत असाल तर डावीकडे, म्हणजे दोऱ्याचा फेर त्याच्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. तो सहावा तुकडा चार घड्या करून पसरट खोक्यात घातला की तिथेच ते बसतं.

दोऱ्याची तुटकी टोकं फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, लगेच. कच्चे टाके काढताना तो दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळतच काढा. काढून शेजारी टाकलेला दोरा सगळ्यात धोक्याचा. तीन सुया काढल्या तर उठताना तीन मोजून डबीत ठेवा. सुई ब्लाउजला किंवा सोफ्याच्या हाताला टोचून ठेवायची सवय सोडावी लागेल. एखादी हरवली तर आधी मांजराला बाहेर काढा, मग टॉर्च फरशीलगत आडवा धरून बघा आणि चुंबक फिरवा. काम उचलताना गोधडीची गुंडाळी करून अभ्र्यात घाला आणि कपाटात बंद करा.

सातव्या दिवशी काठ दुमडून कडा बांधा. चार मीटरच्या आसपास लागतो, एकाच बाजूचा काठ पुरतो. गोंडे लावू नका. मग गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. मधल्या काळात मांजराने कापडावर मुतून ठेवलं असेल तर आधी गार पाण्यात भिजवा. फिनाईल मांजराला विषारी आहे, ते वापरू नका. ठेवणीत डांबर गोळ्याही नकोत, त्या मांजराला आणि बाळाला दोघांनाही घातक आहेत. सुकवलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी पुरते, दर पावसाळ्यानंतर ती बदला.