स्कोन, ओव्हन आणि दुरुस्तीचा फॉर्म

इंग्लंडमध्ये स्कोनइतकं (चहाबरोबर खायचा छोटा, फुगलेला, किंचित गोड पाव) सोपं बेकिंग दुसरं नाही, असं सगळे सांगतात. ते खरंही आहे. २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला), चिमूटभर मीठ, ५५ ग्रॅम गार बटर, २५ ग्रॅम साखर, १५० मिली दूध. बटर बोटांच्या टोकांनी चोळून मैदा रवाळ करायचा, साखर-दूध घालून सुरीनेच कालवायचं. पीठ दिसलं की मळायला घेणारा आपला हात तेवढा आवरायचा.

माझं घोडं अडलं ते भाड्याच्या फ्लॅटमधल्या ओव्हनपाशी. स्कोनला २२० अंश लागतात, पंख्याच्या ओव्हनला २००. बेकिंग पावडरचा बराचसा वायू उष्णतेनेच सुटतो, आणि तो सुटत असतानाच वरून-बाजूंनी पीठ सेट व्हायला हवं. ओव्हन कोमट असला तर बटर आधी वितळतं आणि स्कोन वर जायचे सोडून आडवे पसरतात. माझे तसेच पसरत होते, फिक्या नानकटाईसारखे. मैदा बदलला, वरून वेगळी बेकिंग पावडर घालून पाहिली, फरक शून्य. शेवटी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. बटण २०० वर, काटा १६०च्या आसपास!

मग फ्लॅट भाड्याने देणाऱ्या एजन्सीचा दुरुस्तीचा ऑनलाइन फॉर्म. त्यात पर्याय दोनच: 'ओव्हन गरम होत नाही' किंवा 'दार तुटलं आहे'. पहिला निवडला तर माणूस आला, बटण फिरवलं, आत हात घातला, 'गरम होतोय की' म्हणाला आणि तक्रार बंद झाली. पुन्हा फॉर्म, पुन्हा 'आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे'. फोन केला तर पलीकडची बाई गोड आवाजात विचारते, जेवण शिजतंय ना? शिजतंय हो बाई, पण मला स्कोन करायचेत! हे वाक्य तक्रार म्हणून किती हास्यास्पद वाटतं, ते तेव्हा कळलं. अखेर थर्मामीटर आणि बटण एकाच चौकटीत येतील असा फोटो जोडला, 'दाखवलेल्या आणि प्रत्यक्ष तापमानात ४० अंशांचा फरक' एवढंच लिहिलं. त्यावर दुसरा माणूस आला, त्याने थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, बदलला. कामाला अर्धा तासही लागला नाही. म्हणून सांगतो, स्कोनचं नाव काढू नका, आकडे पाठवा. आणि थर्मामीटर आधी घ्या, मैदा मागाहून बदला.

त्यानंतरचे स्कोन बारा मिनिटांत टरारून फुगले. शेजारच्या बाई मूळच्या डेव्हनच्या. त्यांनी आधी क्लॉटेड क्रीम (सायीसारखं घट्ट क्रीम), वर जॅम असं लावून दोन खाल्ले. डेव्हनला लागून असलेल्या कॉर्नवॉलमध्ये उलट, आधी जॅम, मग क्रीम. मी दोन्हीकडून खातो, क्रीम भरपूर असलं म्हणजे झालं. त्यात निदान ५५ टक्के स्निग्धांश असतो, तेव्हा हिशोब नकोच.

हो, राहिलंच. पीठ लाटून पातळ करू नका, अडीच सेंटिमीटर जाड ठेवा. कटर सरळ खाली दाबून सरळ वर काढा. पिळला तर कडा चिकटतात आणि स्कोन वाकडे फुगतात. दूध वरच्या बाजूलाच लावा, कडेवरून ओघळू देऊ नका. कापलेले कच्चे स्कोन फ्रीझरमध्ये छान राहतात; तसेच गोठलेले ओव्हनमध्ये टाका, दोन-तीन मिनिटं जास्त द्या.