हिरवी खूण आणि पिग्मीची केबल

विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मंगळवारी, बंद होणार होते. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा फोन आला तो आधीच्या गुरुवारी. मुख्य शाखेत अकरा कॉम्प्युटर. लक्ष्मीपूजन २१ तारखेला, त्याआधी सभासदांना लाभांश वाटायचा, ठेवी मोडणाऱ्यांच्या रांगा लागणार. मधे हाताशी फक्त दुसरा शनिवार आणि रविवार. सचिवांनी एका दमात विचारलं, "अकराच्या अकरा विंडोज ११ वर घ्यायचे, नवे आणायचे, की आहे तसं चालू द्यायचं?"

अशा वेळी कॉम्प्युटरच्या पुढे बसण्याआधी त्याच्या मागच्या वायरी बघाव्यात. पतसंस्थेचं मुख्य सॉफ्टवेअर आता ब्राउझरमध्ये चालतं. त्याला १० काय आणि ११ काय, दोन्ही सारखंच. अडतं ते मागे लावलेलं: पासबुक प्रिंटर, अंगठ्याचा स्कॅनर, पिग्मी मशीनची, म्हणजे एजंटांच्या रोजच्या वसुलीच्या यंत्राची, केबल. म्हणून शनिवारी सकाळी वहीत अकरा ओळी आखल्या. प्रोसेसर, रॅम, डिस्क, आणि सगळ्यात रुंद रकाना 'मागे काय लावलंय' याचा. हा रकाना भरायला काउंटरवरच्या मॅडमना सोबत घेतलं, कारण कुठली वायर कशाची हे त्यांनाच माहीत असतं.

काउंटरचे चार कॉम्प्युटर आठव्या पिढीचे, आय३-८१०० आणि एच३१० बोर्ड. हिशेबनिसांचा आय५-७४००. चौकशी, कर्ज आणि वसुली विभागात तीन आय३-४१५०, चार जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. फाइली वाटायला ठेवलेला एक आय५-१०४००, ज्याला सगळे 'सर्व्हर' म्हणत होते. व्यवस्थापक साहेबांचा नवा लॅपटॉप. आणि आवक-जावकच्या टेबलावर एक कोअर २ ड्युओ.

मशीनवर विंडोज ११ चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं. लॅपटॉप आणि सर्व्हर एका झटक्यात पास, हिरवी खूण. काउंटरचे कॉम्प्युटर मात्र 'टीपीएम २.० नाही' म्हणून नापास; टीपीएम म्हणजे विंडोज ११ ला लागणारा सुरक्षेचा भाग. ही नापासी खोटी असते. इंटेलच्या या बोर्डांवर टीपीएम वेगळ्या चिपमध्ये नसतं, प्रोसेसरसोबतच्या फर्मवेअरमध्ये असतं आणि बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी नावाने झोपवून ठेवलेलं असतं. एएमडीच्या बोर्डावर त्यालाच एफटीपीएम म्हणतात. ते चालू केलं की टीपीएमची अट सुटते. आय५-७४०० ची गोष्ट उलटी. टीपीएम आहे, सिक्युअर बूट आहे, एसएसडी आहे, वेगही चांगला, पण प्रोसेसर सातव्या पिढीचा आणि मायक्रोसॉफ्टची यादी काही अपवाद सोडले तर आठव्यापासून सुरू होते. चौथ्या पिढीच्या तिघांकडे टीपीएम २.० नव्हतंच. कोअर २ ड्युओचा तर प्रश्नच मिटला होता: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पॉपसीएनटी ही आज्ञा समजणारा प्रोसेसर लागतो, त्यात ती नाही. जबरदस्तीने टाकलं तरी मशीन उठणार नाही.

काउंटरच्या कॉम्प्युटरची पुढची पायरी यूईएफआय, म्हणजे मशीन सुरू होण्याची नवी पद्धत. चारही जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेले, म्हणजे डिस्कची मांडणीही जुनी, एमबीआर. इथे क्रम चुकला की पंचाईत होते. आधी बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीची सोय) बंद केलं तर विंडोज सापडतच नाही आणि समोरचा माणूस घाबरतो. आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीवर न्यायची, मग बायोस बदलायचा. विंडोज १० मध्येच त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. डेटा न उडवता ते बदल करतं. पण बॅकअप घेऊनच ते चालवावं, आणि आधी व्हॅलिडेटची, म्हणजे बदल जमेल का हे बघणारी, चाचणी घ्यावी. दोन कॉम्प्युटरवर ही चाचणीच नापास झाली. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर कारण समोर होतं: हिरवी चौकट. आपल्याकडे मशीन जोडून देणारा प्रत्येक जण सी, डी, ई असे कप्पे करूनच देतो. सुरुवातीचा छोटा सिस्टिम कप्पा धरला तर ई चौथा होतो, आणि चौथा कप्पा विंडोज आपोआप एक्स्टेंडेड करून त्याच्या आत बसवते. एमबीआर२जीपीटीला एक्स्टेंडेड अजिबात चालत नाही. प्रायमरीही तीनपेक्षा जास्त नकोत. ई मधला माल बाहेरच्या डिस्कवर नेला, ई आणि ती हिरवी चौकट दोन्ही काढली, आणि चाचणी पास झाली. (त्या ई ड्राइव्हमध्ये होतं काय? २०१९ च्या सहलीचे फोटो आणि प्रिंटर ड्रायव्हरच्या सहा प्रती.)

तिसऱ्या काउंटरवर हात थांबला. सेटिंगमध्ये रॅम दिसत होती '८ जीबी, वापरण्याजोगी ३.४३ जीबी'. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये सिस्टिम टाइप एक्स८६. म्हणजे चौसष्ट बिटच्या प्रोसेसरवर बत्तीस बिटची विंडोज १०. मधे कधीतरी मशीन हळू चालतं म्हणून चार जीबीची पट्टी वाढवली होती. ती जवळजवळ सगळी वाया. बसवणाऱ्याला नावं ठेवण्याआधी मॅडमना विचारलं, या मशीनवर दुसरीकडे नसलेलं काय आहे? "जुनी शेअर नोंदवही. वारस आले की इथंच बघतो."

डेस्कटॉपवरच्या त्या आयकॉनमागे विंडोजच्या आधीच्या डॉसमधला, फॉक्सप्रोत लिहिलेला प्रोग्राम निघाला, २०११ पर्यंतच्या सभासदांचा. तो सोळा बिटचा. असे प्रोग्राम विंडोजच्या एनटीव्हीडीएम या भागावर चालतात, आणि तो भाग फक्त बत्तीस बिट विंडोजमध्ये असतो. बसवणाऱ्याने विचार करूनच बत्तीस बिट टाकली होती, फक्त कुठे लिहून ठेवलं नव्हतं. विंडोज ११ ची बत्तीस बिट आवृत्तीच नाही. शिवाय बत्तीसवरून चौसष्टवर जायचं तर अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. हेल्थ चेकवर विसंबून हे मशीन पुसलं असतं, तर नोंदवहीची माहिती फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींच्या रूपाने बॅकअपमध्ये राहिली असती, पण ती वाचणारा प्रोग्राम चालवायला जागा उरली नसती.

यावर तीन उपाय असतात. डीबीएफ फाइली एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण मेमो रकान्यांचा मजकूर एफपीटी या वेगळ्या फाइलीत असतो आणि एक्सेल तो दाखवत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये बत्तीस बिट विंडोज बसवली तर सगळं चालतं, मात्र काउंटरवरच्या माणसाला कॉम्प्युटरच्या आत कॉम्प्युटर समजावत बसावं लागतं. तिसरा उपाय व्हीडॉस, खास असल्या धंद्याच्या डॉस प्रोग्रामसाठी केलेला. तो चौसष्ट बिटवर चालतो आणि छपाईही विंडोजच्या प्रिंटरवर पाठवतो. आपल्याला तोच पसंत. लॅपटॉपवर फोल्डरची प्रत घेऊन चालवून पाहिला, पाच सभासदांचे उतारे जुन्या मशीनशी ताडून पाहिले, जुळले. तरी तिसरं काउंटर त्या दिवशी हलवलं नाही. त्याची नेटवर्कची वायर काढली, वर 'फक्त नोंदवही' अशी चिठ्ठी लावली. मार्चनंतरचं ऑडिट होईपर्यंत ते तसंच राहणार.

दुपारी दोनला पहिल्या काउंटरचं अपग्रेड लावलं. फक्त एकाचं. उरलेली दोन एकदम लावण्याचा मोह होतो, वेळही वाचतो. पण चूक झाली तर तीही तिप्पट होते. आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर, विकतचं अँटिव्हायरस काढून टाकलं, सी वर तीस जीबी मोकळे केले. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं नाही; विंडोज १० चालू असतानाच त्यातलं सेटअप उघडायचं, म्हणजे 'फाइली आणि प्रोग्राम ठेवा' हा पर्याय मिळतो आणि जुना लोकल खात्याचा लॉगिनही टिकतो. हातात २४एच२ होतं. २५एच२ सप्टेंबरच्या अखेरीस आलेलं, पण मूळ दोघांचं एकच. ते नंतर छोट्या अपडेटने चढतं. एसएसडीवर पाऊण तास लागला.

मशीन उठल्या उठल्या पहिलं काम परतीची वाट रुंद करण्याचं. विंडोज ११ वरून १० वर परत जायला दहा दिवस मिळतात. विंडोजमधल्याच डीआयएसएम या साधनाच्या आज्ञेने ते साठपर्यंत वाढवता येतात. आणि तोवर कुणी डिस्क क्लीनअपमध्ये 'आधीचं विंडोज इन्स्टॉलेशन' पुसायचं नाही, नाहीतर वाट बंद.

पासबुक प्रिंटर चालला, पण पहिली ओळ पासबुकच्या शिवणीवर आली. कागदाचं खास माप ड्रायव्हरमध्ये पुन्हा निवडलं. 'डीफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या' ही खूणही काढली. ती राहिली की कुणी एकदा लेझरवर पत्र छापलं की पुढचं पासबुक लेझरकडे जातं. अंगठ्याच्या स्कॅनरची सेवा नव्याने टाकावी लागली. मग पिग्मी मशीनची केबल लावली.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि शेजारी पोर्टच्या नावाऐवजी इंग्रजीत एक वाक्य: पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. ड्रायव्हरनेच आपल्या चिपला नारळ दिला होता. यूएसबीचं सिरीयल करणाऱ्या स्वस्त केबलींत ही चिप सर्रास असते, नकलाही पुष्कळ. नवा ड्रायव्हर जुन्या आणि नकली दोन्ही चिपांना दारातच अडवतो. विंडोज १० वर कुणीतरी जुना ड्रायव्हर टाकून ठेवला होता म्हणून इतकी वर्षं चालत होतं. अपग्रेडने तो बदलला. हेल्थ चेक प्रोसेसर बघतं, केबल बघत नाही.

आणि पिग्मी म्हणजे चेष्टा नव्हे. चौदा एजंट, एकेकाकडे दीडशेच्या आसपास खाती, रोज संध्याकाळी मशीन लावून दिवसाची वसुली उतरवायची. ते अडलं तर दोन हजारांवर नोंदी हाताने. यादीतून जुना ड्रायव्हर निवडून पोर्ट चालू करता येतो, तसं केलंही, चाललंही. पण पुढच्या अपडेटला विंडोज नवा ड्रायव्हर परत आणून ठेवते, आणि तो दिवस नेमका लाभांशाचा निघाला तर? रविवारी सकाळी सांगलीहून एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची केबल मागवली, हजाराच्या आतली. घेताना नऊ पिनांचं टोक नर आहे की मादी एवढं फोनवर दोनदा विचारून घेतलं. लावल्यावर पोर्ट मिळाला कॉम ७. पिग्मीचं जुनं सॉफ्टवेअर चारच्या पुढचं पोर्ट ओळखत नाही. पोर्ट सेटिंगमधल्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन कॉम ३ केला.

मग उरलेली दोन काउंटरं आणि सर्व्हर. तिथे दुसरी अडचण उभी राहिली: केवायसीचा सामायिक फोल्डर उघडेना. तो पासवर्डशिवाय सगळ्यांना खुला होता, आणि विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ पासून बिनओळखीचा पाहुणा प्रवेश बंद आहे. ती अट सैल करण्याची युक्ती सांगणारे खूप भेटतात. सभासदांच्या आधार-पॅनच्या प्रती असलेला फोल्डर मुळात खुला होता हीच चूक. सर्व्हरवर पासवर्डचं एक खातं केलं, प्रत्येक मशीनवर ते एकदा साठवलं, दहा मिनिटांचं काम.

नापास मशीनबद्दल सचिवांनी शेवटी विचारलं, "ते रजिस्ट्रीतली खूण बदलून तपासणी चुकवतात आणि विंडोज ११ टाकतात म्हणे, तसं करा की." होतं तसं. सातव्या पिढीवर नीट चालतंही. पण असमर्थित मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि अपडेट मिळावेत म्हणूनच तर ही सगळी यातायात. घरच्या कॉम्प्युटरवर करा, लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या टेबलावर नको. विंडोज १० चीच मुदत वाढवण्याची ईएसयू योजना आहे. घरगुती वापराला ती तेव्हा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत होती. सेटिंग मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडली तर पैसेही नाहीत. "मग माझ्या खात्यावर घ्या सगळी," असं व्यवस्थापक साहेब म्हणाले, पण ती सवलत व्यवसायासाठी नाही. संस्थांना मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. दुसऱ्या वर्षी शिरलं तरी पहिल्याचे भरावेच लागतात. आय५-७४०० साठी एक वर्ष घेणं परवडतं. चौथ्या पिढीच्या चार जीबीवाल्यांवर तेवढे डॉलर घालणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग. कर्ज आणि वसुलीला दोन नवे, चौकशीच्या टेबलाला मागे काहीच वायर नसल्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि ब्राउझर, कोअर २ ड्युओ डिस्क काढून भंगारात.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला पहिला एजंट आला. कॉम ३, १६२ पावत्या, एका मिनिटात उतरल्या. दुसऱ्याचं मशीन काही केल्या लागेना. नवी केबल बाजूला ठेवून त्यांनी पिशवीतून स्वतःची काढून लावली होती, "ही आपली सवयीची." तीच जुनी चिप. एजंटांच्या पिशव्या तपासल्या तेव्हा आणखी तीन निघाल्या.