उवा, खरूज आणि कागदावरची स्वच्छ मुलं

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मुलांचे फोटो आठवा. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा डबा आणि रेल्वे फलाटावर लागलेली रांग. शाळाशाळांतून पोरांची डोकी तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे त्या टोप्यांखाली काय असेल, हाच विचार माझ्या मनात आधी येतो.

१ सप्टेंबर १९३९ पासून जेमतेम तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसं बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतून खेड्यांकडे हलवली गेली. त्यातली निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं होती. लगेच यजमान घरांतून ओरड सुरू झाली. पोरांच्या डोक्यात उवा आहेत, अंगाला खरूज आहे, रात्री गाद्या ओल्या होतात. सगळ्यांनी शहरातल्या आयांच्या नावाने बोटं मोडली. गादी ओली करणाऱ्या मुलाला आजारी म्हणायचं की घाबरलेलं, हा प्रश्न फार थोड्यांना पडला.

पण शाळांमध्ये वैद्यकीय तपासणी तर १९०७च्या कायद्यापासून होत होती! मग इतक्या उवा कुणाला दिसल्या कशा नाहीत? केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने याचं उत्तर शोधलं, आणि त्याच्या युक्तीला मी मनापासून दाद देते. शाळांचे आकडे बाजूला ठेवून त्याने संसर्गजन्य तापाच्या रुग्णालयांतल्या नोंदी पाहिल्या. तापाने फणफणलेलं मूल अचानक दाखल होतं, त्याला न्हाऊमाखू घालायला कुणाला सवड नसते. औद्योगिक शहरांतल्या लहान मुलींपैकी जवळपास निम्म्यांच्या डोक्यात उवा निघाल्या. शाळांच्या अहवालांत हे प्रमाण बरंच कमी होतं. नर्सबाई उद्या येणार म्हटलं की घरोघरी आदल्या रात्री फणी फिरते, हे मला कुणी वेगळं सांगायला नको.

याच मेलनबीने पुढे शेफील्डमध्ये खरजेवर काम केलं. युद्धात लढायला नकार दिलेले तरुण त्याच्या प्रयोगात स्वतःहून सामील झाले. खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले कपडे त्यांनी अंगात घातले, त्यांची पांघरुणं घेऊन झोपले. तरी खरूज फारशी कुणाला झालीच नाही! ती पसरते मुख्यतः अंगाला अंग लागून, म्हणजे एका बिछान्यात तीन-चार भावंडं झोपतात तिथे. घोंगड्या उकळण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी बेंझिल बेंझोएट हे खरजेचं औषध लावणं महत्त्वाचं. हे आजही आयांना पटवताना घसा कोरडा पडतो.

खाण्यापिण्याचं बरंच लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात सांगते. शाळेत दूध १९३४ पासूनच मिळत होतं, युद्धात शाळेतलं जेवण झपाट्याने वाढलं आणि १९४४च्या शिक्षण कायद्याने ते पुरवणं स्थानिक प्रशासनाचं कर्तव्य ठरलं.

घटसर्पाची गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. १९४० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये या रोगाने सुमारे अडीच हजार बळी घेतले, बहुतेक मुलंच. हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या निवाऱ्यांतल्या गर्दीत साथ भडकेल या धास्तीने सरकारने मोफत लसीकरणाची मोठी मोहीम काढली, आणि १९४५ पर्यंत वर्षाचे मृत्यू हजाराच्या खाली आले. ही लस काही युद्धात सापडलेली नव्हती. कॅनडातली शहरं युद्धाच्या कितीतरी आधीपासून ती आपल्या मुलांना देत होती.