त्या ओळीला थांबणारा मुलगा

शताब्दी समितीचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला : 'शाळेच्या जडणघडणीविषयी पाचशे शब्दांत मनोगत पाठवावे.' जडणघडणीवर लिहायला मान्यवर मंडळी भरपूर आहेत. मला शाळा म्हटलं की एकच माणूस दिसतो, आणि तो पाचशे शब्दांत मावायचा नाही. संपादकांनी सांभाळून घ्यावं. नावही लिहीत नाही. सायकलच्या दांडीला बांधलेली काळी छत्री आणि सदऱ्याच्या खिशावर खडूचा पांढरा डाग एवढं सांगितलं, की आमच्या वेळच्या कुठल्याही बॅचला कळेल.

सर विज्ञान शिकवायचे आणि शास्त्रपाठाचा, म्हणजे बायबलचा, तासही तेच घ्यायचे. प्रयोगशाळेच्या कपाटात, मोडक्या सूक्ष्मदर्शकाशेजारी, त्यांचा तो शंखांचा दगड असायचा. लाव्हाचे दोन थर पडले त्यांच्या मधल्या काळात इथं तळी होती, त्यातले गोड्या पाण्यातले हे शंख, असं सांगून ते दगड बाकाबाकावर फिरवत. मग हमखास स्टीफन हिस्लॉप निघायचे. १८४५ साली स्कॉटलंडहून नागपूरला आलेले मिशनरी, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे. हा माणूस गावोगाव उपदेश करत फिरे आणि येताना खिशात दगड भरून आणे. टाकळीला त्यांना असेच शंख सापडले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या पाण्यात ते बुडाले. सर हे सगळं एका दमात सांगत आणि मग घसा खाकरत.

बोर्डिंगातल्या एका पोरानं एकदा उठून विचारलं, "सर, देवानं सहा दिवसात जग केलं, तर हे शंख कोट्यवधी वर्षांचे कसे?" आम्ही छडीची वाट पाहत होतो. सर म्हणाले, "मले अजून पुरतं नाही समजलं बे. समजलं का सांगतो." शिक्षकाच्या तोंडून 'समजलं नाही' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आता माझं. १९७८ च्या श्रावणात माझा धाकटा भाऊ गेला. नऊ वर्षांचा होता. आम्ही खाली वाकळ टाकून झोपायचो. पहाटे तो पोट दुखते म्हणून उठला, आणि दिवस उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या उघडेनात. मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश कळतसुद्धा नाही, हे मला फार पुढे कळलं. बाबांनी बंडी जुंपली, पण नाल्याला पूर. अलीकडे बंडी उभी, पलीकडे दवाखान्याचा रस्ता. आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळे जण काठावरच्या चिखलात गुडघे टेकून पाणी उतरावं म्हणून प्रार्थना करत होते. दुपारी भाऊ गेला. पाणी उतरलं, पण संध्याकाळी.

पाळकसाहेब चांगले माणूस होते. त्या रविवारी त्यांनी बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातल्या बापावर उपदेश केला. आजारी मुलाला घेऊन येशूकडे आलेला तो बाप रडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती. मी शेवटच्या बाकावर बसून एवढाच हिशेब करत होतो की त्या बापाचा मुलगा बरा झाला.

शाळेच्या परिपाठाला प्रभूची प्रार्थना असायची. मी म्हणायचो, पण 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की तोंड बंद व्हायचं. ठरवून नाही, आपोआप. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. दोनशे पोरांच्या आवाजात कोणाला कळणार? पण सर रांगेमधून फिरत असत, आणि पुढे पुढे त्या ओळीला नेमके माझ्याजवळ उभे असत. बोलले काही नाहीत. असे चार-पाच महिने गेले.

मग जानेवारीत, तुरीची सोंगणी चालली होती तेव्हा, सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावून परीक्षानळ्या धुवायला लावलं. माझी पाठ त्यांच्याकडे होती. म्हणाले, "तू त्या ओळीले थांबतं, मले दिसते."

मी नळी घासत राहिलो.

"मी बी थांबत होतो. तीन वर्षं. बायको बाळंतपणात गेली तेव्हापासून. पण रांगेत उभा राहत होतो."

मग त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढून येशूचा शिष्य थोमा याचा भाग मला मोठ्यानं वाचायला लावला. उपासनेत आम्ही तो नेहमी 'संशयी थोमा' म्हणूनच ऐकला होता. कोणी फार प्रश्न विचारले की त्याला थोमा म्हणायचं, ही आमच्या मंडळीतली रीतच. सरांनी बोट ठेवलं ते भलत्याच ठिकाणी. मरणातून उठलेला येशू शिष्यांकडे पहिल्यांदा आला तेव्हा थोमा तिथं नव्हता. बाकीच्या दहा जणांनी सांगितलं, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आणि पुढचं वचन सुरू होतं 'आठ दिवसांनंतर'.

"हे आठ दिवस कोठी होता तो?" सरांनी विचारलं.

मी पुन्हा वाचलं. शिष्य आत होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता.

"म्हणजे त्याच खोलीत. त्याले पटलं नव्हतं, तरी तो जेवत-झोपत त्याहीच्यातच होता. आणि त्या दहा जणांनी त्याले हाकललं नाही. आता तो नळा बंद कर, पाणी वाया चाललं."

त्याच एप्रिलात ईस्टरच्या नाटकात थोमा मला दिला. येशू दहावीतला, माझ्यापेक्षा हातभर उंच. त्याच्या तळहातावर सरांनी लाल शाई लावली होती, आणि घामानं ती मनगटापर्यंत ओघळली होती. सरांची ताकीद होती : हात पुढे न्यायचा, पण लावायचा नाही. थोमानं बोट घातलं असं शास्त्रात कुठंच लिहिलेलं नाही. त्याला 'घाल' म्हटलं गेलं आणि तो 'माझा प्रभू, माझा देव' म्हणाला, एवढंच आहे. मी हात नेला आणि वितीवर थांबवला. पेट्रोमॅक्सच्या सूं सूं आवाजात सगळी मंडळी गप्प. तेवढ्यात मागून एका काकांचा आवाज आला, "अबे लाव ना हात, भेतं काऊन!" सगळा मंडप हसला. येशूसुद्धा हसला. मी वाक्य म्हणालो, पण ते कोणाला ऐकू गेलं नसावं. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी सरांना विचारलं म्हणे, की पोरगा विसरला का.

पुढे मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि चौतीस वर्षं माती तपासण्यात घालवली. ज्या खडकाच्या थरांमध्ये सरांचे शंख, त्याच खडकाची ही काळी माती. सांगायला संकोच वाटतो, पण पंचक्रोशीतलं क्वचितच एखादं वावर असेल ज्याचा नमुना माझ्या हाताखालून गेला नाही. मंडळीचा खजिनदार आहे. काही वर्षांपूर्वी सौभाग्यवतींसह चेन्नईला सेंट थॉमस माउंटवर जाऊन आलो. थोमा भारतात आला आणि तिथंच मारला गेला अशी परंपरा आहे. पायऱ्या चढताना दम लागला तेव्हा तिला मी आठ दिवसांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ही पन्नासदा सांगून झाली."

शाळेची नवी स्लॅबची इमारत छान आहे, अभिनंदन. पण कौलारू प्रयोगशाळा पाडली तेव्हा तो दगड कुठं गेला, हे कोणाला माहीत असेल तर कळवावं. शास्त्रपाठाचा तासही वेळापत्रकात दिसला नाही. पूर्वी यवतमाळच्या सेमिनरीतले, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयातले, विद्यार्थी आपल्याकडे बोलायला येत आणि सर त्यांच्याशी अंधार पडेपर्यंत वाद घालत. १९८३ ला सेमिनरी पुण्याला गेली आणि ते येणंही थांबलं. आताचे वक्ते प्रोजेक्टर आणतात, प्रश्न घेत नाहीत.

सरांना शेवटचं भेटलो ते त्यांच्या घरी, खाटेवर. उन्हाळा होता, कूलरचा आवाज मोठा. बोलणं फारसं होत नव्हतं. निघताना मीच म्हणालो, सर, प्रार्थना करू. प्रभूची प्रार्थना सुरू केली, तेही ओठ हलवत होते. ती ओळ आली आणि मी थांबलो. इतक्या वर्षांनी का, ते सांगता येणार नाही. बघतो तर सरही थांबलेले, आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसत होते. आत स्वयंपाकघरात त्यांच्या सूनबाई पोळ्या लाटता लाटता आमच्याबरोबर म्हणत होत्या. त्यांनी ती ओळ एकट्यानं म्हटली. पुढची आम्ही तिघांनी मिळून पुरी केली.